अरबीच्या वाटेने एक आयत: कुराणाचा अर्थ मुळातून पडताळायचा असेल तर

रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांमध्ये शाफई मजहब, म्हणजे धर्माचाराची शाखा, चालतो. देशावर आणि मराठवाड्यात बहुतेक जण हनफी. नमाजाआधी दोघेही वुजू, म्हणजे पाण्याने अंगशुद्धी, करतात आणि दोघांचाही आधार एकच, कुराणातल्या माइदा या सूरहची (अध्यायाची) सहावी आयत. तरी शाफई माणसाने डोक्याच्या थोड्या केसांवरून ओला हात फिरवला की पुरते, हनफी माणसाला निदान पाव डोके पुसावे लागते. बायकोच्या हाताला हात लागला तर शाफई नवऱ्याचा वुजू मोडतो, हनफी नवऱ्याचा मोडत नाही. सुन्नी पाय धुतात, शिया पायांवरून ओला हात फिरवतात.

यातल्या एकाही फरकाचे कारण मराठी भाषांतरात सापडणार नाही. भाषांतरकाराला एक अर्थ निवडावाच लागतो आणि तो निवडला की बाकीचे अर्थ पानावरून पुसले जातात. कारण दडलेले असते अरबीतल्या एका अक्षरात, एका जेर-जबरमध्ये (स्वरखुणेत) किंवा क्रियापदाच्या साच्यात.

अरबी अजिबात येत नाही पण कुराणातल्या एखाद्या आयतीचा अर्थ मुळातून तपासायचा आहे, अशा मराठी वाचकासाठी हा लेख आहे. तो मुसलमान असो वा नसो. माइदाची हीच आयत (५:६) घेऊन पायरी-पायरीने जाऊ. हिच्यात इतके काही आहे की नवख्याला अडणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी या एकाच आयतीत भेटतात.

आधी हे जमवा

- जेर-जबर लावलेला मुसहफ, म्हणजे कुराणाची अरबी प्रत. भारतीय छपाईची आणि मदिनेची अशा दोन्ही प्रती सहज मिळतात. त्यांचे अक्षरवळण आणि थांबण्याच्या खुणा वेगवेगळ्या असतात, म्हणून शिकताना एकच धरून ठेवा.
- दोन भाषांतरे: एक शब्दशः, एक ओघवते. उर्दूत याला लफ्जी आणि बामुहावरा तर्जुमा म्हणतात. दिल्लीच्या शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी कुराण फारसीत आणले, आणि त्यांच्या दोन मुलांनी उर्दूत. शाह रफीउद्दीन यांनी शब्दाला शब्द ठेवला, शाह अब्दुल कादिर यांनी बोलीचा ओघ सांभाळला. एकाच घरात दोन्ही पद्धतींची गरज वाटली, ती उगीच नाही.
- मराठी भाषांतर घेतलेत तर प्रस्तावना आधी वाचा. ते थेट अरबीवरून केले आहे की उर्दू-इंग्रजीवरून, हे कळल्याशिवाय एकेका शब्दावर भार टाकू नका. विनोबांनी 'कुराण-सार' निवडण्याआधी अरबी शिकून मूळ वाचले होते, हे मराठी माणसाने ध्यानात ठेवावे.
- धातूवार शब्दकोश. कुराणातल्या शब्दांपुरता राघिब अल्-इस्फहानी यांचा 'मुफ्रदात' उत्तम. इंग्रजी वाचता येत असेल तर एडवर्ड लेन यांचा अरबी-इंग्रजी कोश (१८६३–१८९३).
- लीड्स विद्यापीठात तयार झालेला 'कुराणिक अरेबिक कॉर्पस'. संकेतस्थळ मोफत आहे. कुराणातल्या ७७,४३० शब्दांपैकी प्रत्येकाचा धातू, रूप आणि वाक्यातले काम त्यात दिलेले आहे.
- एक छोटी तफसीर (कुराणावरचे भाष्य) आणि दोन मोठ्या. त्यांबद्दल आठव्या पायरीत.
- एक वही. प्रत्येक शब्दाला एक ओळ आणि पाच रकाने: शब्द, धातू, साचा, वाक्यातले काम, संभाव्य अर्थ.

## १. लिपी शिका, देवनागरीवर विसंबू नका

अक्षरे २८. मदरशांत मुलांना जो नूरानी कायदा शिकवतात तोच घ्या. रोज अर्धा तास दिला तर साधारण दोन-तीन महिन्यांत अडखळत का होईना, वाचता येते. जबर म्हणजे 'अ', जेर म्हणजे 'इ', पेश म्हणजे 'उ'. अरबी व्याकरणाच्या पुस्तकांत यांनाच फतहा, कसरा, दम्मा म्हणतात. दोन्ही नावे पाठ करा, कारण मौलवी पहिली वापरतात आणि पुस्तके दुसरी.

देवनागरीत छापलेले कुराण पठणाला आधार म्हणून ठीक आहे, अर्थ शोधायला अजिबात नाही. अरबीत 'कल्ब' मोठ्या काफने लिहिले तर हृदय, छोट्या काफने लिहिले तर कुत्रा. 'अलीम' ऐनने सुरू झाले तर सर्वज्ञ, अलिफ-हमजाने सुरू झाले तर वेदनादायक. कुराणात अल्लाह 'अलीम' आहे आणि नरकातली शिक्षाही 'अलीम' आहे, आणि देवनागरीत दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. कोशात चुकीच्या अक्षराखाली गेलात तर पुढची सगळी मेहनत वाया.

## २. आयत नक्की करा आणि पठण कोणते ते पाहा

सूरहचे क्रमांक (१ ते ११४) सगळीकडे सारखे, पण आयतींचे क्रमांक काही जुन्या भाषांतरांत मागे-पुढे असतात. युरोपात १८३४ साली निघालेल्या फ्ल्यूगल यांच्या प्रतीची मोजणी आजच्यापेक्षा वेगळी आहे आणि जुनी इंग्रजी-जर्मन पुस्तके तीच वापरतात. संदर्भ जुळत नसेल तर आधी आसपासच्या पाच-सात आयती चाळा.

आता पठण, म्हणजे किराअत. कुराणाची मान्य पठणे एकाहून अधिक आहेत. इब्न मुजाहिद (मृत्यू ९३६) यांनी त्यांपैकी सात पक्की केली, नंतर दहा मानली जाऊ लागली. भारतात छापतात ते आसिमचे, हफ्सने पुढे दिलेले पठण. मोरोक्को-अल्जीरियाकडे वर्शचे चालते. बहुतेक ठिकाणी फरक उच्चाराचा असतो, पण काही ठिकाणी तो अर्थापर्यंत पोचतो. आपल्या आयतीत असे दोन शब्द आहेत. वर सांगितलेला कॉर्पस फक्त हफ्सचे पठण दाखवतो, त्यामुळे दुसरे पठण त्यात दिसणारच नाही. तिथे अनेक जण फसतात.

थांबण्याच्या खुणा लहान दिसतात, पण त्याही अर्थ ठरवतात. सूरह आले-इम्रानच्या सातव्या आयतीत म्हटले आहे की संदिग्ध आयतींचा खरा अर्थ अल्लाहखेरीज कोणी जाणत नाही. त्यापुढे 'व' आणि मग 'ज्ञानात मुरलेले लोक' हे शब्द येतात. 'अल्लाह'वर थांबलात तर ज्ञानी लोक फक्त 'आम्ही यावर ईमान आणले' म्हणतात. न थांबता पुढे गेलात तर ज्ञानी लोकांनाही तो अर्थ ठाऊक असतो. भारतीय छपाईत इथे 'मीम' असते, म्हणजे थांबलेच पाहिजे. मदिनेच्या प्रतीतली खूण सांगते की थांबणे अधिक चांगले. आपण वाचतो त्या प्रतीने आपल्या वतीने एक बाजू घेतलेली असू शकते, हे इथे समजते.

## ३. शब्द सुटे करा

अरबीत जोडशब्द फार. 'फग्सिलू वुजूहकुम' हे दिसायला दोन शब्द, पण त्यांत चार तुकडे आहेत: फ (तर, मग), इग्सिलू (धुवा), वुजूह (चेहरे), कुम (तुमचे). सुरुवातीला चिकटणारे व, फ, बि, लि, क, अल् आणि शेवटी चिकटणारे हु, हा, हुम, क, कुम, ना, ई हे आधी पाठ करा. ही डझनभर रूपे डोळ्यांत बसली की पान निम्मे मोकळे होते.

## ४. धातू काढा, मग साचा

संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला इथे घरी आल्यासारखे वाटेल. बहुतेक अरबी शब्द तीन अक्षरांच्या धातूतून निघतात. मदरशात धातूला 'माद्दा' म्हणतात आणि या शास्त्राला 'सर्फ'. क-त-ब पासून किताब, कातिब, मकतूब.

सोपे धातू डोळ्यांनीच दिसतात. अडचण होते ती वाव, ये आणि हमजा असलेल्या धातूंची, कारण ही अक्षरे विरघळतात. आपल्याच आयतीत पाहा:

- कुम्तुम (तुम्ही उभे राहिलात): धातू क-व-म, वाव गायब.
- तजिदू (तुम्हाला सापडेल): धातू व-ज-द, वाव गळाला.
- इत्तह्हरू (स्वच्छ व्हा): धातू त-ह-र, साच्यातला 'त' धातूच्या जड 'त'मध्ये मिसळला.
- तयम्ममू: धातू य-म-म, सुरुवातीचा 'त' साच्याचा, धातूचा नव्हे.

'तकवा' शब्द कोशात 'त'खाली शोधणारे खूप जण भेटतात. त्याचा धातू व-क-य, अर्थ स्वतःला जपणे, बचाव करणे. 'त'खाली शोधलात तर काहीच हाती लागणार नाही.

धातूवर अर्थ संपत नाही, तो साच्यात बसतो. साचा म्हणजे धातूत ठरावीक स्वर आणि अक्षरे घालून होणारे रूप; क्रियापदांच्या साच्यांना पुस्तकांत क्रमांक दिलेले असतात. क-स-त हा धातू पाहा. साध्या साच्यातले 'कासित' म्हणजे अन्याय करणारे. सूरह जिन्न (७२:१५) त्यांना नरकाचे इंधन म्हणते. चौथ्या साच्यातले 'मुक्सित' म्हणजे न्यायाने वागणारे. सूरह हुजुरात (४९:९) म्हणते की अल्लाह त्यांच्यावर प्रेम करतो. धातू एकच, निवाडा उलटा. 'या शब्दाचा धातू अमुक, म्हणून अर्थ अमुक' अशी उडी कोणी मारताना दिसला तर त्याला साचा विचारा.

आता आपल्या आयतीतला 'लामस्तुमुन्निसाअ', म्हणजे 'बायकांना स्पर्श केलात'. धातू ल-म-स, स्पर्श करणे. हफ्सच्या पठणात 'ला' दीर्घ आहे, म्हणजे तिसरा साचा, आणि त्यात बहुधा दोघांचा सहभाग असतो. सात मान्य पठणकारांपैकी हमजा आणि किसाई यांच्या पठणात तो ऱ्हस्व, 'लमस्तुम', म्हणजे साधा साचा: तुम्ही स्पर्श केलात. शाफई परंपरा स्पर्शाचा सरळ अर्थ घेते, म्हणून कातडीला कातडी लागली तरी वुजू मोडतो. हनफी म्हणतात की हा संभोगाचा सभ्य उल्लेख आहे: साचा परस्परतेचा आहे, आणि सूरह बकरात (२:२३७) 'स्पर्श करण्याआधी तलाक दिलात तर' असे म्हणताना कुराण स्पर्शाचाच दुसरा शब्द संभोगासाठी वापरते. नबींच्या सोबत्यांमध्येही हे दोन्ही अर्थ सांगितले गेले. कोकणातल्या आणि देशावरच्या घरांमधला फरक इथून आला आहे, एका दीर्घ स्वराच्या आणि एका रूढार्थाच्या बळावर.

## ५. शेवटची जेर-जबर: कोण करतो, कोणाला करतो

या पायरीवर वेळ द्या. मराठीत कर्म ओळखायला 'ला' असतो किंवा शब्दांचा क्रम. अरबीत ते काम शब्दाच्या शेवटचा स्वर करतो: पेश बहुधा कर्त्याला (रफअ), जबर कर्माला (नस्ब), जेर संबंधाला किंवा शब्दयोगी अव्ययानंतर (जर). प्रथमा, द्वितीया, षष्ठी आठवा. या शास्त्राचे नाव 'नह्व'.

सूरह फातिरमध्ये (३५:२८) 'अल्लाह' शब्द आधी येतो आणि 'उलमा' शेवटी. शब्दक्रमावर गेलात तर 'अल्लाह विद्वानांना भितो' असे भलतेच वाक्य तयार होईल. पण 'अल्लाह'वर जबर आहे, 'उलमा'वर पेश; म्हणून त्याच्या दासांपैकी ज्ञानी लोकच अल्लाहला भितात. सूरह तौबाच्या तिसऱ्या आयतीत 'रसूलुहू'ऐवजी कोणीतरी 'रसूलिही' वाचले, म्हणजे अल्लाह अनेकेश्वरवाद्यांपासून आणि आपल्या रसूलपासूनही मुक्त आहे असा अर्थ झाला. ते ऐकून अबुल अस्वद अद्-दुअली (मृत्यू ६८८) यांनी स्वरखुणा लावायला घेतल्या, असे परंपरा सांगते. आजच्या रूपातल्या खुणा त्यानंतर खलील इब्न अहमद यांनी बसवल्या. मुसहफात जेर-जबर छापलेली असते म्हणून आपल्याला हे सहज मिळते. त्यामागे किती काळजी आहे हे विसरू नका.

आता पायांकडे वळू. आयतीचा क्रम असा: चेहरे आणि कोपरांपर्यंत हात धुवा, 'आणि मसह करा (ओला हात फिरवा) आपल्या डोक्यांचा, आणि आपले पाय घोट्यांपर्यंत'. 'पाय' हा शब्द 'धुवा'ला जोडायचा की 'मसह करा'ला?

हफ्स, नाफिअ, इब्न आमिर आणि किसाई 'अर्जुलकुम' वाचतात. जबर असल्याने शब्द 'चेहरे, हात' यांच्या रांगेत बसतो, म्हणून पाय धुवा. इब्न कसीर, अबू अम्र, हमजा आणि शुअबा 'अर्जुलिकुम' वाचतात. जेर असल्याने तो 'डोक्यां'च्या रांगेत जातो, म्हणून पायांचा मसह करा. पण हे इथे थांबत नाही. सुन्नी विद्वान म्हणतात की जेर शेजारच्या शब्दाच्या ओढीने आली आहे, किंवा ती चामडी मोज्यांवरच्या मसहबद्दल आहे. शिवाय 'घोट्यांपर्यंत' ही सीमा धुण्याला शोभते, पुसण्याला अशी सीमा दिलेली नाही. शिया विद्वान म्हणतात की जबर असली तरी शब्द 'डोक्यां'नाच जोडता येतो, कारण 'बि' काढला तर डोकीही कर्माच्याच जागी आहेत. व्याकरणाने दोन्ही बाजूंना उभे राहायला जागा आहे. पुढचा निर्णय प्रत्येक परंपरा हदीस (नबींच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) आणि आचारावरून करते. तुमच्या वहीत दोन्ही पठणे आणि दोन्ही युक्तिवाद आले पाहिजेत. एकच लिहिलात तर तुम्ही आयत वाचलेली नाही, निकाल उतरवून घेतला आहे.

याच वाक्यात एक गंमत आहे. 'कोपरे' (मराफिक) अनेकवचनी, पण 'घोटे' (कअबैन) द्विवचनी. मराठीत द्विवचन नाही, म्हणून भाषांतरात हा फरक वाहून जातो. हाताला कोपर एक, प्रत्येक पायाला घोटे दोन, हे अरबीने वचनातूनच सांगून टाकले.

## ६. छोट्या शब्दांना मोठा मान द्या

नवखे वाचक जड शब्दांच्या मागे लागतात आणि 'बि', 'इला', 'मिन' यांवरून घसरतात. फिकहचे, म्हणजे धर्माचाराच्या नियमांच्या शास्त्राचे, निम्मे वाद याच शब्दांवर उभे आहेत.

बि. 'इम्सहू बि-रुऊसिकुम', डोक्यांचा मसह करा. इथे 'बि' कशाला? मालिकी आणि हन्बली (सुन्नींचे उरलेले दोन मजहब) यांच्या मते तो केवळ जोडणारा आहे, म्हणून पूर्ण डोके. शाफई मते तो अंश दाखवतो, म्हणून थोडे केसही चालतात. हनफी पाव डोक्यावर येतात. 'बि' अंश दाखवतो हे काही व्याकरणकारांना मुळातच मान्य नाही.

इला. 'कोपरांपर्यंत' म्हणजे कोपर धरून की सोडून? मराठीत 'सोमवारपासून शुक्रवारपर्यंत सुटी' म्हटले की शुक्रवार धरतात, पण 'वेशीपर्यंत सोडायला आलो' म्हणताना वेस ओलांडलेली नसते. अरबीतही तेच. बहुतेक फकीह (फिकहचे जाणकार) कोपर धरतात. हनफींपैकी जुफर धरत नाहीत. शिवाय 'यद' म्हणजे हात हा शब्द अरबीतही मराठीसारखाच सैल आहे, बोटांपासून खांद्यापर्यंत काहीही. म्हणून सीमा सांगावी लागली.

मिन. आयतीच्या शेवटी पाणी न मिळाल्यास तयम्मुम सांगितला आहे: स्वच्छ 'सईद' घ्या आणि चेहरा-हातांचा मसह करा 'मिन्हू', त्यातून. शाफई म्हणतात, 'त्यातून' म्हणजे धूळ हाताला लागली पाहिजे. हनफींना जमिनीच्या जातीचे काहीही चालते, धूळ नसलेला दगडसुद्धा, कारण 'सईद' म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग. सूरह निसाची ४३वी आयत जवळजवळ याच शब्दांत तयम्मुम सांगते, पण तिच्यात 'मिन्हू' नाही. दोन्ही आयती शेजारी ठेवून वाचा. अशी तुलना करायची सवय लागली की अर्धी तफसीर आपोआप समजू लागते.

क्रियापदापुढचा शब्द बदलला की अर्थही बदलतो. द-र-ब धातूच्या 'दरब'पुढे 'फिल् अर्द' आले की प्रवास करणे (४:१०१), 'मसलन' आले की दृष्टांत देणे (१४:२४). हेच क्रियापद सूरह निसाच्या ३४व्या आयतीत बायकोबद्दल येते; तिथे कोशातला सोयीचा अर्थ उचलून आणणे बरोबर नाही. त्या आयतीत क्रियापदाला अव्यय नाही, थेट कर्म आहे. जुन्या मुफस्सिरांनी (तफसीर लिहिणाऱ्यांनी) मारणे हाच अर्थ घेतला आणि हदीसवरून त्याला मर्यादा घातल्या. दुसरा अर्थ मांडायचा असेल तर तो व्याकरणाच्या आधाराने मांडावा लागेल, कोशातल्या यादीच्या आधाराने नव्हे.

## ७. शब्दशः, लक्षणेने, की पारिभाषिक?

आयतीत 'तुमच्यापैकी कोणी गाइतहून आला' असे आहे. गाइत म्हणजे सखल जमीन, खोलगट जागा. शौचाला लोक आडोशाला जात, म्हणून जागेचे नाव क्रियेला लागले. मराठीत 'परसाकडे जाणे' म्हणतो, त्यातलाच प्रकार. परसाकडे जाणारा माणूस परसबागेत भाजी तोडायला गेला असे समजून कोणी भाषांतर केले तर कसे होईल? सूरह यूसुफमध्ये (१२:८२) 'गावाला विचारा' आहे. तेही गावातल्या माणसांनाच.

'इजा कुम्तुम' हे अक्षरशः 'जेव्हा तुम्ही उभे राहिलात'. मग काय, नमाजाला उभे राहिल्यावर वुजू करायचा? 'इजा'नंतरचे भूतकाळी रूप पुढच्या गोष्टीबद्दल असते: उभे राहायचे ठरवाल तेव्हा.

अशा जागी मातृभाषा अरबी असलेलेही चुकत. रोज्याच्या आयतीत (२:१८७) 'पांढरा दोरा काळ्या दोऱ्यापासून स्पष्ट होईपर्यंत' खा-प्या असे आहे. अदी इब्न हातिम यांनी खरोखरच दोन दोरे उशाखाली ठेवून पाहिले. नबींनी सांगितले की हा रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड आहे. अरबी येणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

तिसरा प्रकार पारिभाषिक शब्दांचा. 'तयम्मुम' म्हणजे मुळात एखाद्या दिशेने जाणे, इरादा करणे. पुढे तो मातीने शुद्ध होण्याच्या विधीचे नाव झाला. 'सलात' बहुतेक ठिकाणी नमाज, पण सूरह तौबात (९:१०३) नबींना 'त्यांच्यासाठी सलात करा' म्हटले आहे ते दुआच्या अर्थाने. 'जकात' एरवी ठरावीक दान, सूरह कहफमध्ये (१८:८१) पावित्र्य. क्रम असा ठेवा: शब्द पारिभाषिक आहे का ते आधी पाहा, तो अर्थ संदर्भात बसत नसेल तर मूळ कोशार्थ, तोही बसत नसेल तर लक्षणा.

ओळखीच्या शब्दांपासून सावध

मराठीत अरबी शब्द फारसीमार्गे आले आणि वाटेत बदलले. 'वकील' म्हणजे कोर्टातला वकील नव्हे; 'हस्बुनल्लाहु व निअमल वकील' (३:१७३) मध्ये तो ज्याच्यावर काम सोपवावे असा आधार. 'साहेब' म्हणजे सोबती. गुहेतल्या प्रसंगात (९:४०) नबी आपल्या 'साहिब'ला धीर देतात, ते अबू बकर. 'गरीब' म्हणजे परका, अनोळखी. म्हणून कुराणातल्या दुर्मिळ शब्दांच्या कोशांना 'गरीबुल कुरआन' म्हणतात. 'फकीर' म्हणजे गरजू; जकातीच्या आयतीत (९:६०) हिरव्या झोळीवाला शोधू नका. आणि 'जुलूम'. 'ज्यांनी आपल्या ईमानात जुल्म मिसळला नाही' ही आयत (६:८२) आली तेव्हा सोबती घाबरले, आपल्यापैकी कोणी जुल्म केला नाही? नबींनी लुकमानची आयत (३१:१३) दाखवली: शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला मानणे, हाच मोठा जुल्म.

उलट दिशेचा प्रवासही आहे. स्वर्गाच्या वर्णनातले 'काफूर' (७६:५) म्हणजे आपला कापूर, आणि 'जंजबील' (७६:१७) म्हणजे आले. त्याचे मूळ संस्कृतातल्या शृंगवेरापर्यंत नेतात.

## ८. आता तफसीर उघडा, आधी नको

वही भरल्यावरच तफसीर वाचा, नाहीतर पहिल्या सात पायऱ्या होणारच नाहीत.

'जलालैन'पासून सुरुवात करा. दोन जलालुद्दीनांनी, महल्ली आणि सुयूती यांनी, पंधराव्या शतकात लिहिलेली ही तफसीर अगदी थोडक्यात शब्दार्थ आणि व्याकरण सांगते. मग तबरी (मृत्यू ९२३): ते आधीच्या पिढ्यांची मते एकामागून एक देतात आणि शेवटी आपला कौल सांगतात, वाद कुठे आहे हे शोधायला यापेक्षा चांगली जागा नाही. व्याकरण आणि अलंकारासाठी जमख्शरी (मृत्यू ११४४), पण ते मुअतजिली या वेगळ्या धर्मतत्त्व-पंथाचे होते हे ध्यानात ठेवून. आपल्या आयतीसारख्या हुकमाच्या आयतींसाठी कुर्तुबी (मृत्यू १२७३).

कोश वापरताना तीन खड्डे:

- 'लिसानुल अरब' जुन्या छपाईत धातूच्या शेवटच्या अक्षराने लावलेला असतो. क-त-ब शोधायचा तर 'ब'च्या भागात जावे लागते.
- लेन १८७६ साली वारले तेव्हा काम अपुरे होते. मोठ्या काफपासून पुढच्या अक्षरांच्या नोंदी अपुऱ्या टिपणांवरून छापल्या आहेत, म्हणून त्या भागात काही सापडले नाही तर 'असा अर्थच नाही' असे समजू नका.
- आधुनिक अरबीचा कोश कुराणाला लावू नका. सूरह यूसुफमधली 'सय्यारा' (१२:१९) म्हणजे वाटसरूंचा तांडा. आजच्या अरबीत सय्यारा म्हणजे मोटारगाडी.

## ९. स्वतः करून पाहा: 'सलासत कुरूअ'

वही घ्या आणि सूरह बकराची २२८वी आयत काढा. तलाक झालेल्या स्त्रियांनी तीन 'कुरूअ' थांबावे, असा इद्दतीचा (पुनर्विवाहाआधी थांबायच्या मुदतीचा) हुकूम आहे. एकवचन 'कुर्अ', आणि त्याचे अर्थ चक्क दोन, एकमेकांविरुद्ध: पाळी, आणि दोन पाळ्यांमधला स्वच्छ काळ. हनफी-हन्बली पाळी धरतात, शाफई-मालिकी स्वच्छ काळ. मोजणी बदलते. स्वच्छ काळात तलाक झाला असेल तर शाफई हिशोबात तो उरलेला काळही एक धरला जातो आणि तिसरी पाळी सुरू होताच इद्दत संपते. हनफी हिशोबात तिसरी पाळी पूर्ण व्हावी लागते. म्हणजे कोकणातल्या स्त्रीची इद्दत देशावरच्या स्त्रीपेक्षा आधी संपू शकते.

पुरावे तुम्ही शोधा. ही एवढी सूत्रे पुरतील: अरबीत तीन ते दहा या संख्यांचे लिंग मोजलेल्या नामाच्या उलट असते, 'सलासत' हे स्त्रीलिंगी रूप आहे, स्वच्छ काळाचा शब्द 'तुहर' पुल्लिंगी, पाळीचा 'हैजा' स्त्रीलिंगी, पण 'कुर्अ' हा शब्द स्वतःही पुल्लिंगीच आहे. 'तीन' म्हणजे पूर्ण तीन की अडीचही चालतील, हे विचारा. मग सूरह तलाकची पहिली आणि चौथी आयत (६५:१, ६५:४) समोर ठेवा. पहिली एका बाजूला ओढते, चौथी दुसऱ्या. दोन रकाने करा, दोन्हीकडे निदान तीन-तीन मुद्दे येऊ द्या, आणि त्यानंतरच कुर्तुबी उघडा.